पॅकिंग बदलूनही इंजिन ऑईल पुन्हा गळते: जुन्या कारमधले मूळ कारण शोधण्याची पद्धत

टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, पॅकिंग बदलले, दोन-तीन महिने इंजिन कोरडे राहिले आणि मग पुन्हा त्याच कडेने ऑईल पाझरू लागले, ही जुन्या गाड्यांबाबतची तक्रार बेळगाव-खानापूर भागात सारखी ऐकू येते. मारुती ८०० चे उत्पादन १९८३ मध्ये सुरू होऊन २०१४ मध्ये थांबले, ओम्नी त्यानंतरही काही वर्षे बनत राहिली, आणि ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे तेच इंजिन असलेल्या या दोन्ही गाड्या निपाणी-चिकोडीपासून जांबोटी-कणकुंबीपर्यंत आजही रोजच्या कामाला आहेत. त्यांचे सुटे भाग मिळतात, काम करणारे मिस्त्रीही मिळतात, तरीही गळतीचे दुखणे मात्र अनेकांच्या गाडीत कायमचे मुक्कामाला येते. माझे स्पष्ट मत असे आहे की एकाच जागचे पॅकिंग दुसऱ्यांदा गेले, तर दोष बहुतेक वेळा त्या पॅकिंगचा नसतो. एक तर इंजिनाच्या आत दाब साठत असतो, किंवा पॅकिंग ज्या पृष्ठभागावर बसते तो सपाट राहिलेला नसतो, किंवा मुळात गळती भलतीकडूनच होत असते. या तीन गोष्टी तपासल्याशिवाय तिसरे पॅकिंग विकत घेऊ नये.

प्रथम, खाली पडणारा द्रव इंजिन ऑईलच आहे याची खात्री करावी. गाडीखाली रात्रभर पांढरा किंवा फिकट पुठ्ठा सरकवून ठेवला की सकाळी रंग आणि जागा दोन्ही समजतात. इंजिन ऑईल तपकिरी ते काळे असते. गिअर ऑईल त्यापेक्षा दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट हिरवे किंवा लाल आणि पाण्यासारखे पातळ असते. ब्रेक ऑईल जवळपास रंगहीन असते आणि रंगावर पडले तर रंग उचलते. ब्रेक ऑईल गळत असल्यास बाकी सारे बाजूला ठेवून आधी तेच काम करावे.

गळतीचा उगम

ऑईल गळते एका ठिकाणी आणि थेंब पडतो दुसऱ्याच ठिकाणी. टॅपेट कव्हरमधून निघालेले ऑईल हेडवरून (इंजिनाचा वरचा भाग) ब्लॉकवर (मधला भाग), ब्लॉकवरून चेंबरच्या (तळाशी ऑईल साठवणारे पात्र) कडेवर उतरते, चालत्या गाडीतल्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि शेवटी गिअरबॉक्सच्या तोंडाशी थेंब धरते. पाहणारा म्हणतो, ‘मागचे सील गेले’, आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा मोठा खर्च उगाच अंगावर येतो. म्हणून इंजिनावर दिसणाऱ्या ओल्या जागांपैकी सर्वांत वरची जागा शोधणे हा तपासणीचा पहिला नियम आहे.

जुन्या इंजिनावर धूळ आणि ऑईल यांचा जो काळा थर साचलेला असतो, त्यातून नवी गळती कळणे अशक्य असते. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकच्या पिशवीने घट्ट झाकावे, आणि रंगाचा जुना ब्रश व रॉकेल किंवा डिग्रीझर घेऊन वरून खाली धूत यावे. या कामासाठी पेट्रोल वापरू नये, कारण त्याची वाफ साध्या ठिणगीनेही पेट घेते. सर्व्हिस सेंटरमधला जोराच्या दाबाचा पाण्याचा फवारा जुन्या वायरिंगवर मारणेही टाळावे. गळती शोधायला गेलेली गाडी सुरूच न होण्याची वेळ त्यातून येते. धुतल्यानंतर कापडाने पुसून, इंजिन नीट वाळू देऊन, संशयाच्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरावी. मग गाडी काकतीच्या दिशेने हायवेवर पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी आणि इंजिन बंद करून टॉर्च व छोटा आरसा घेऊन वरून खाली पाहत यावे. पांढऱ्या पावडरवर ऑईलची पहिली रेघ कुठे उमटते ते स्पष्ट दिसते. मिस्त्रीकडे ऑईलमध्ये मिसळण्याचा चमकणारा रंग आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा असेल तर उत्तमच, पण पावडरने भागते.

शहरातल्या फेरफटक्यात पावडर कोरडी राहिली म्हणून गळती नाही असे मानू नये. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या टिळकवाडी ते खडे बाजार एवढ्या चकरांत कोरड्या राहतात आणि गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढल्या की ओल्या होतात. हा फरक स्वतःच एक महत्त्वाचा पुरावा आहे, आणि तो इंजिनाच्या आतल्या दाबाकडे बोट दाखवतो.

आतला दाब आणि ब्रीदर

पिस्टन रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या कडेने खाली, क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पोकळीत, उतरतोच. हा वायू बाहेर जाण्यासाठी दोन वाटा ठेवलेल्या असतात. इंजिन आयडलवर किंवा हलक्या भारावर असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) ओढ असते आणि ती ओढ पीसीव्ही व्हॉल्व्ह या छोट्या झडपेतून हा वायू आत खेचून पुन्हा जाळते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो तेव्हा मॅनिफोल्डची ओढ जवळजवळ संपते, रिंगांच्या कडेने उतरणारा वायू मात्र सर्वाधिक असतो, आणि अशा वेळी टॅपेट कव्हरपासून एअर फिल्टरकडे जाणारा ब्रीदरचा रबरी पाईप त्याला वाट देतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीची नेमकी हीच स्थिती असते. तो पाईप तुंबलेला असेल तर वायू मिळेल त्या फटीतून बाहेर पडतो आणि जाताना ऑईल घेऊन जातो. टॅपेट कव्हर, डिपस्टिकची नळी, डिस्ट्रिब्युटरचा बूड आणि क्रँकची सीले या त्याच्या ठरलेल्या वाटा आहेत. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून गळती सुरू झाली असेल, तर सगळी पॅकिंगे एकदम म्हातारी झाली असे समजण्यापेक्षा ब्रीदर तुंबला आहे असे समजून तपासणीला लागावे.

तो तुंबतो कशाने, याचे उत्तर आपल्या पावसाळ्यात आहे. खानापूर तालुक्यात आणि बेळगाव शहरात जून ते सप्टेंबर हवा सतत ओली असते, त्यात मुलांना शाळेत सोडणे, भाजी आणणे असल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. न तापलेल्या इंजिनात पाण्याची वाफ ऑईलमध्ये मिसळून पिवळट पांढरा, लोण्यासारखा चिकटा तयार होतो आणि तो ऑईल भरण्याच्या झाकणाखाली व ब्रीदरच्या पाईपात बसतो. झाकणाखाली असा चिकटा दिसला की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग) गेले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. कूलंटची पातळी उतरत नसेल, डिपस्टिकवरचे ऑईल स्वच्छ असेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नसतील, तर तो बहुधा केवळ वाफेचा परिणाम असतो आणि गाडी आठवड्यातून एकदा लांब चालवली की कमी होतो.

खानापूरच्या माझ्या एका नातेवाइकांच्या गाडीत मी हा प्रकार जवळून पाहिला. गॅरेजमध्ये दरवेळी नवे पॅकिंग घालून त्यावर सिलिकॉनचा जाड थर चढवला जात होता, आणि एका पावसाळ्यात गेलेली गाडी पुढच्या पावसाळ्यात त्याच कामासाठी परत जात होती. ब्रीदरचा पाईप उपसून उजेडाकडे धरला तर पलीकडचे काही दिसत नव्हते. बाहेरून तो धडधाकट वाटत होता; आतल्या बाजूचे रबर फुगून सोलले होते आणि उरलेल्या फटीत चिकटा वाळून कडक झाला होता. नवा पाईप बसवला, कव्हरच्या आतली जाळी रॉकेलमध्ये भिजवून साफ केली आणि त्या वेळी पॅकिंगला हातही लावला नाही. ते पॅकिंग पुढचा अख्खा पावसाळा कोरडे राहिले.

तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलवर ठेवावे, ऑईलचे झाकण काढून त्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा तुकडा अलगद ठेवावा. तुकडा हलकेच आत ओढला गेला किंवा जागीच थरथरत राहिला तर वाट मोकळी आहे. तो सतत वर उडत असेल तर वायूला वाट नाही, किंवा वायूच वाटेपेक्षा जास्त आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला असता आतला तुकडा खुळखुळला पाहिजे. खुळखुळत नसेल आणि कार्ब क्लीनरने धुऊनही मोकळा होत नसेल तर नवा घालावा. किंमत इतकी कमी असते की त्यावर विचार करत बसू नये. त्याच वेळी एअर फिल्टर उघडावा. फिल्टरचा कागद ऑईलने भिजलेला असेल तर ब्रीदरमधून प्रमाणाबाहेर वायू येत आहे असे समजावे. उसाच्या हंगामात चिकोडी-रायबागकडच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीत फिल्टर धुळीने गच्च होतो, इंजिन हवेसाठी ब्रीदरच्या वाटेने जास्त ओढ लावते आणि ऑईलही त्याबरोबर येते. अशा वेळी केवळ फिल्टर बदलूनही फरक पडतो.

ऑईल जास्त भरलेले नाही ना, हेही पाहावे. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. वरच्या खुणेच्या पुढे ऑईल गेले असेल तर फिरता क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि वरच्या प्रत्येक सांध्यावर ताण येतो. छोट्या इंजिनात एकूण ऑईलच तीन लिटरच्या आसपास असते, त्यामुळे ‘थोडे जास्त असू दे’ म्हणून ओतलेले अर्धे लिटरही पुष्कळ ठरते.

ब्रीदर मोकळा, व्हॉल्व्ह ठीक, ऑईलची पातळी योग्य आणि तरीही झाकणातून जोराने वायू येत असेल, तर मात्र कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढून, इग्निशन तोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. सिलिंडरांमध्ये एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरहून अधिक फरक असेल तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजलेल्या आहेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हकडे आहे. रिंगा गेलेल्या इंजिनाला बाहेरून कितीही पॅकिंगे लावली तरी गळती थांबत नाही, आणि त्या स्थितीत इंजिनाचे काम काढायचे की ऑईल भरत गाडी चालवायची, हा गाडीच्या उरलेल्या आयुष्याचा हिशोब आहे. लिटरभर ऑईल हजारभर किलोमीटर पुरत असेल आणि धूर त्रासदायक नसेल, तर मी तरी घाईने इंजिन उघडायला सांगणार नाही.

बसण्याची जागा सपाट करणे

आतला दाब ठीक असूनही ठरावीक कोपऱ्यातून ऑईल येत असेल तर कव्हर काढून त्याची कड पाहावी. गळते म्हणून बोल्ट आवळणे हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे आणि तोच अनेक गळत्यांचे कारण आहे. पत्र्याच्या कव्हरला किंवा चेंबरला बोल्ट प्रमाणाबाहेर आवळला की भोकाभोवतीचा पत्रा आत दबतो. दोन बोल्टांच्या मधली कड उचलली जाते आणि कॉर्कचे पॅकिंग बोल्टाजवळ चेपून बाहेर फुगते, मध्ये मात्र सैल राहते. पोलादी पट्टी कडेवर उभी धरून मागून टॉर्चचा उजेड टाकला तर ही फट डोळ्यांना दिसते. कव्हर लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर उपडे ठेवून, दबलेल्या भोकांच्या कडा गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकत पूर्ववत कराव्यात. ॲल्युमिनियमचे कव्हर ठोकायचे नसते. ते वाकले असेल तर उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये पृष्ठभाग घासून घ्यावा. फाउंड्री आणि लेथच्या कामाची सवय असलेल्या या शहरात असे काम करून देणारा हात शोधावा लागत नाही.

जुने पॅकिंग आणि वाळलेला सिलिकॉन खरवडताना धारदार पात्याने ॲल्युमिनियमच्या हेडवर ओरखडे काढू नयेत. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरावी आणि हेडच्या उघड्या भागावर स्वच्छ कापड अंथरावे, म्हणजे कचरा आत पडणार नाही. शेवटी दोन्ही पृष्ठभाग थिनरच्या ओलसर कापडाने पुसून पूर्ण कोरडे करावेत, कारण ऑईलच्या पातळ थरावर कोणतेही पॅकिंग धरत नाही. रबराचे घडीव पॅकिंग कोरडेच बसवायचे असते. सिलिकॉन लावायचा तो फक्त दोन भाग जिथे कोपऱ्यात मिळतात तिथे, तोही लहानसा ठिपका. सगळीकडे जाड थर दिला तर जादा सिलिकॉन आत लोंबतो, तुटतो आणि चेंबरमधल्या ऑईल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. मग गळतीऐवजी ऑईलचा दाब कमी होण्याचे कितीतरी मोठे संकट उभे राहते.

बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, आलटून पालटून, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात आणि टॅपेट कव्हरला अनेक गाड्यांत त्याच्या निम्मेच लागतात; आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम मानावा. कव्हरच्या बोल्टाखाली रबरी वॉशर असतील तर तेही पॅकिंगबरोबरच बदलावेत. ते कडक झाले की बोल्ट घट्ट लागतो, पण कव्हर दाबले जात नाही, आणि पॅकिंगचे पाकीट आणताना हे वॉशर हमखास विसरतात.

बाकीच्या जागा

ऑईल प्रेशर स्विच ही फार दुर्लक्षित जागा आहे. त्याची वायर उपसल्यावर टोकात ऑईल दिसले तर स्विच फाटला आहे. तो बदलणे हे पाच-दहा मिनिटांचे काम आहे. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेली ओ-रिंग आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांतल्या यांत्रिक फ्युएल पंपाचे पॅकिंग या दोन जागांतून आलेले ऑईल हमखास हेड गॅस्केटच्या नावावर खपते. ऑईल फिल्टर बदलल्यानंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिलेली नाही ना, ते पाहावे. नव्या फिल्टरच्या रबराला ऑईलचे बोट लावून, टेकल्यानंतर हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळावा. ड्रेन नटाचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालावा. आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून न नेता आटे पाडून स्लीव्ह बसवून घ्यावी.

क्रँकचे पुढचे सील आणि कॅमशाफ्टचे सील गळत असेल तर ऑईल टायमिंग बेल्टवर जाते, आणि ऑईलने भिजलेला बेल्ट पुसून परत वापरता येत नाही. सीलसोबत बेल्टही नवा घ्यावा. नवे सील घालूनही तिथेच गळत असेल तर शाफ्टवर बोटाचे नख फिरवावे: जुन्या सीलच्या कडेने वर्षानुवर्षे घासून पाडलेली खाच नखाला लागते. अशा वेळी सील ज्या घरात बसते त्यात जागा असेल तर नवे सील एक-दीड मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवावे, म्हणजे त्याची कड शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर टेकते. खाच खोल असेल तर शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवून घ्यावी. क्रँकच्या मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून वरच्या सगळ्या जागा कोरड्या ठरल्यावरच ते काम काढावे आणि त्याच वेळी क्लच प्लेट व रिलीज बेअरिंग पाहून घ्यावे. गाडीखाली शिरण्यापूर्वी ती फक्त जॅकवर नसून भक्कम स्टँडवर आहे आणि चाकांना अडण लावलेली आहे, याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खड्ड्यांच्या रस्त्यावर चेंबर दगडाला लागल्याची खूण दिसली तर केवळ गळती थांबवून भागत नाही. चेंबर आत चेपला असेल तर पंपाच्या जाळीखालची जागा कमी होते, त्यामुळे तो उतरवून सरळ करावा किंवा बदलावा.

गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी द्रव्ये रबर थोडे फुगवतात. कडक झालेल्या सीलवर त्यांचा काही काळ उपयोग होतो, पॅकिंगवर आणि वाकलेल्या पत्र्यावर होत नाही. इंजिन ऑईलमध्ये ब्रेक ऑईल मिसळण्याचा जो सल्ला दिला जातो, तो मात्र अजिबात मानू नये. त्याने रबर सुजून मऊ पडते आणि ऑईलही बिघडते. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-४० या दाटपणाचे ऑईल सांगितले असताना कोणी पातळ सिंथेटिक ऑईल भरले असेल, तर आधी योग्य ऑईल भरून पाहावे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ऑईल ठिबकून जळका वास किंवा धूर येत असेल तर दुरुस्ती होईपर्यंत घाटात गाडी नेऊ नये, कारण तिथे आगीचा धोका खरा असतो. काढलेले ऑईल डब्यात साठवून जुने ऑईल घेणाऱ्या अधिकृत व्यावसायिकाकडे पोहोचते करावे. गटारात ओतलेले ऑईल पावसात शहापूर-वडगावच्या शिवारातून वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्यात आणि तिथून लोकांच्या भातशेतीत उतरते.

दुरुस्तीनंतर डिपस्टिकची पातळी आणि किलोमीटरचा आकडा एका वहीत लिहून ठेवावा. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर मिनिटाला एक थेंब या गतीने दिवसभरात ७० मिलिलिटरच्या आसपास ऑईल जाते, म्हणजे पुठ्ठ्यावर रात्रीतून पडलेल्या एक-दोन थेंबांनी पातळी हलत नाही, पण पातळी उतरते आहे आणि पुठ्ठा कोरडा आहे, तर ऑईल बहुधा गळत नसून जळत आहे. कॉर्कचे पॅकिंग असेल तर काहीशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, बोल्ट मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत एकदा तपासून घ्यावेत. रबराच्या पॅकिंगचे बोल्ट पुन्हा आवळू नयेत. त्यानंतर एखाद्या घाटाची चढण करून आल्यावर पुन्हा टॉर्च घेऊन वरून खाली पाहावे, आणि टॅपेट कव्हरची कड कोरडी असेल तर ब्रीदरचा पाईप दर पावसाळ्याआधी काढून तपासण्यापलीकडे त्या जागी आणखी काही करण्याची गरज नाही.